हातोडी घेऊन घर तपासायला गेलो

घर तपासायला इंजिनिअर लागत नाही! हे वाक्य माझं आहे आणि ते मी छाती पुढं काढून, फोनवर, माझ्या मुलीला ऐकवलेलं आहे. फोनवर छाती दिसत नाही, तरीही काढली होती.

दीक्षा माझी एकुलती एक मुलगी. कुरुंदवाडला शाळेत शिकवते. ती म्हणाली, "पप्पा, घर घेताय, दोडका न्हाई. जाणत्या माणसाला दाखवून घ्या. माझी मैत्रीण हाय की, संघप्रिया. इंजिनिअर हाय, बँकेसाठी घरं तपासून रिपोर्ट देती. तिला सांगू?"

"कशाला? मग मी कोण हाय?"

"तुम्ही एस.टी.त मेकॅनिक होता, पप्पा."

"बत्तीस वर्षं! बत्तीस वर्षं गाड्या तपासून रस्त्यावर सोडल्या. घाटात एक चाक निखळलं न्हाय माझ्या हातचं! आणि घर म्हंजे काय गं? जागेवर उभी गाडी. हिला तर ब्रेकसुद्धा लागत न्हाईत!"

पलीकडून काही उत्तर आलं नाही. मुलगी गप्प झाली की मला वाटतं, तिला पटलं. तिच्या आईच्या बाबतीतही मला असंच वाटायचं.

तिची आई, म्हणजे माझी बायको यल्लव्वा, जाऊन दीड वर्ष झालं. आम्ही अठ्ठावीस वर्षं भाड्याच्या दोन खोल्यांत काढली. तिला स्वतःचं घर पाहिजे होतं. मोठं नको, पण नळ आपला पाहिजे, एवढंच तिचं म्हणणं. माझ्या निवृत्तीनंतर आम्ही मिळून चौदा घरं बघितली. बघितली म्हणजे तिनं बघितली. मी बाहेर मालकाबरोबर चहा घेत बसायचो आणि राजकारणावर बोलायचो. ती आत मालकिणीबरोबर जायची. पाच मिनिटांत बाहेर यायची, पदर खोचायची आणि माझ्याकडं बघून म्हणायची, "ब्याड." ती निपाणीकडची. ब्याड म्हणजे नको. तिचा निकाल नेहमी कन्नडमध्ये लागायचा, आणि कन्नडमधल्या निकालावर माझ्याकडं अपील नव्हतं.

दवाखान्यात शेवटी शेवटी मी तिला म्हणालो, "यंदा घर घेतोच बघ."

ती म्हणाली, "बघून घ्या."

त्यानंतर ती फारसं काही बोलली नाही. त्यामुळं ते दोन शब्द माझ्याकडं राहिले. आता बघून घ्या म्हणजे मी बघून घ्या, का कुणाला तरी दाखवून घ्या, हे तिला विचारायचं राहून गेलं. मी आपला सोयीचा अर्थ घेतला.

त्यात आमच्या घरमालकानं जुन्या खोल्या पाडून तिथं इमारत बांधायची ठरवली. दिवाळीपर्यंत खोल्या मोकळ्या करा म्हणाला. दसरा झाला होता. म्हणजे माझ्याकडं तीन आठवडे होते, बांधून ठेवलेली सात खोकी होती आणि घर नव्हतं. अशात फुलेवाडीतल्या एका घराचं समजलं. मालकाचं नाव बाळासो. घर विकून शिरोळला मेव्हण्याकडं जाणार होता, तिकडं मेव्हण्याचा ऊस होता, ट्रॅक्टर होता. पंधरावं घर. यल्लव्वाशिवायचं पहिलं.

रविवारी सकाळी मी निघालो. नोकरीतली छोटी हातोडी पिशवीत घेतली. आमच्या कामात चाकाचे नट हातोडीनं ठोकायचे आणि नुसत्या आवाजावरून ढिला नट कुठला ते ओळखायचं. 'टण्' आला तर घट्ट. 'ठप्' आला तर ढिला. डेपोत माझ्या कानाला मान होता. भिंतीला काय वेगळं असणार?

बाळासो दारातच उभा होता. गोल माणूस, गोल आवाज. "या पावणं, या! आधी चहा घ्या, मग घर बघा."

"आधी घर," मी कडक आवाजात म्हणालो. चहात गुंतवून गाडी पास करून घेणारे ड्रायव्हर मी बत्तीस वर्षं बघितले होते!

मी ओसरीत उभा राहिलो. आता सुरुवात कुठून करायची? गाडी तपासायची तर आधी खाली शिरायचं. इतक्या वर्षांची सवय. माझ्या डोक्याला कळायच्या आत माझं अंग फरशीवर उताणं पडलं होतं! घराखाली शिरता येत नाही, हे मला आडवं झाल्यावर लक्षात आलं. पण आता पडलोच आहे तर लगेच उठणं बरं दिसत नव्हतं. म्हणून मी वर छताकडं बघत, विचार करत असल्यासारखा, "हं" केलं.

तेवढ्यात आतून बाळासोची बायको विठाबाई चहाचा ट्रे घेऊन आली.

"अगं बया! पावण्यास्नी घेरी आली!"

ट्रे खाली आदळला. मी "न्हाय, न्हाय" म्हणेपर्यंत माझ्या तोंडावर तांब्याभर पाणी आलं. पाठोपाठ नाकाला फोडलेला कांदा लागला. बाळासोनं तर पायातलं पायताण काढलं होतं हुंगवायला. अस्सल कोल्हापुरी, चांगलं दोन किलोचं! ते बघून मी टुणकन उठून बसलो.

"मी घर तपासतोय!"

"झोपून?" विठाबाईनं विचारलं.

"छत बघत होतो. तुमच्या छताला ओल न्हाय. एक नंबर हाय."

"ओल तुमच्या सदऱ्याला हाय, भाऊजी. टावेल देऊ का?"

मी टॉवेल घेतला आणि तोंड पुसत पिशवीतून हातोडी काढली. ती बघितल्यावर बाळासोच्या चेहऱ्यावरचं हसू थोडं आखडलं.

ओसरीची भिंत ठोकली. टण्! बाहेरची खोली. टण्! झोपायची खोली. टण्, टण्! जिन्याखालची भिंत ठोकली तर देवळातल्या घंटेसारखा आवाज आला. माझी छाती पुन्हा पुढं आली. दीक्षा म्हणते इंजिनिअर आण! मी मनात तिच्याशी भांडत भांडत स्वयंपाकघरात शिरलो.

स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला लोखंडी मांडणी होती. ताटं, वाट्या, डबे सगळं चकचकीत. मी म्हणालो, "ही जरा बाजूला सरकवा."

बाळासो म्हणाला, "तिथं काय न्हाय बघण्यासारखं."

आणि तो मांडणीच्या पुढ्यात येऊन उभा राहिला. झालं! टायर गुळगुळीत झालेला असला की ड्रायव्हर अगदी असाच चाकापुढं येऊन उभा राहतो आणि पावसापाण्याच्या गोष्टी करायला लागतो.

"यंदा पाऊस बरा झाला, न्हाय?" बाळासो म्हणाला.

मी मांडणीला खांदा लावला आणि ती सरकवली. दोन वाट्या घरंगळत गेल्या. मी हातोडी मारली.

ठप्!

"पोकळ!" मी ओरडलो.

"मिस्त्री, तिथं नका ठोकू!"

ठप्! ठप्! गिलाव्याचा भाकरीएवढा पापुद्रा निघून माझ्या डोक्यावर पडला. बाळासोनं माझा हात धरला. मला जोर चढला. दाबून ठेवलेला दोष मी हुडकला होता आणि आता तो मला साक्षीपुराव्यानिशी दाखवायचा होता. मी हात सोडवून घेतला आणि अशी एक मारली, की ट्रकचा नट असता तर गरागरा फिरला असता.

आवाज आला नाही. हातोडीसकट माझा हात भिंतीत कोपरापर्यंत गेला. मी हात बाहेर काढला, तसा चार विटा पलीकडं पडल्या, सहा अलीकडं आल्या, आणि भिंतीला कलिंगडाएवढं भगदाड पडलं!

पलीकडून "डुबुक" असा आवाज आला. मग एका बाईचा.

"कोण हाय रं त्यो मुडदा? माझ्या पिठल्यात वीट टाकली!"

मी वाकून भगदाडाला डोळा लावला. पलीकडं दुसरं स्वयंपाकघर होतं. चुलीपुढं एक बाई पिठल्याची कढई घेऊन बसली होती आणि कढईत वीट होती. बाईंना फक्त माझा डोळा दिसत असावा. मग त्या डोळ्याशीच त्या बोलायला लागल्या.

"कोण तुमी?"

"नमस्कार, वहिनी," मी म्हणालो. "घर बघायला आलोय."

"भितीतनं?"

बाळासोनं कपाळाला हात लावला आणि तो खाली बसला. तेव्हा विठाबाईकडून मला कळलं. पलीकडं राहतो तो बाळासोचा सख्खा थोरला भाऊ, हंबीरराव. पिठल्यातली ती शालूबाई, त्याची बायको. पूर्वी हे एकच घर होतं आणि भिंतीत इथं दार होतं. अकरा वर्षांपूर्वी वाटणी झाली, भांडण झालं, आणि दार बंद करायचं ठरलं. गवंडी आणायचा खर्च कोणी करायचा यावर पुन्हा भांडण झालं. शेवटी दोघांनी चौकट उपसून काढली आणि आपापल्या बाजूनं, एकमेकांकडं न बघता, मातीत विटा रचल्या. वरून गिलावा मारला. तेव्हापासून दोन भावांत अबोला. एकाच भिंतीला दोघांच्या चुली, पण अकरा वर्षांत एक शब्द नाही.

आणि मी ते दार उघडलं होतं!

शालूबाईंनी हाक मारली असावी. समोरच्या गिरणीतून हंबीरराव धावत आला. तो पिठाची गिरणी चालवतो. नावावरून मला वाटलं, दारात मावणार नाही असा कोणी गडी येणार. आला तो काडीसारखा माणूस, डोक्यापासून पायापर्यंत पिठानं पांढरा, भुवयासुद्धा पांढऱ्या. आवाज मात्र नावाला शोभणारा!

त्यानं भगदाडातून अलीकडं बघितलं. भगदाडाच्या अलीकडं बाळासो. दोघांच्या नाकांत एक वीत अंतर. आणि हंबीरराव म्हणाला, "मिस्त्री, त्याला इचारा, माणूस लावून माझी भित पाडायची हिंमत झालीच कशी?"

मी इकडं तिकडं बघितलं. मिस्त्री म्हणजे मीच होतो. मी बाळासोकडं वळलो. "ते इचारत्यात..."

"ऐकू आलं!" बाळासो म्हणाला. "मिस्त्री, त्याला सांगा, हे गिऱ्हाईक हाय. पाडायला लावलेला माणूस न्हाय."

"मिस्त्री, त्याला सांगा, गिऱ्हाईक हातोडी घेऊन येतंय व्हय?"

हा प्रश्न बाळासोलाही पटला. तो माझ्याकडं वळला. त्याचे डोळे बारीक झाले.

"व्हय की! दादानंच तुला घुसवलाय! माझं घर इकू न्हाय म्हणून! आल्या आल्या घेरी आल्याचं सोंग काय, नेमकी हीच भित शोधून काढली काय!"

"माझा माणूस?" हंबीरराव गरजला आणि त्याच्या भुवयांतून पीठ उडालं. "मिस्त्री, त्याला सांगा, मी तुमास्नी ओळखत न्हाय!"

"मलाच काय सांगताय?" मी म्हणालो. "मी मला ओळखतोय!"

तोवर दोन्ही दारांत गल्ली जमली होती. निम्मी अलीकडं, निम्मी पलीकडं. कुणी म्हणालं चोर सापडला, कुणी म्हणालं महापालिकेचा माणूस आहे, अतिक्रमण पाडतोय. एक म्हातारा मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "आमच्या शेजाऱ्याचं बी जरा बघा की."

या सगळ्या गोंधळात विठाबाई भगदाडापाशी गेली. तिनं वाकून पलीकडं बघितलं.

"आक्का, सगळं पिठलं गेलं व्हय?"

शालूबाईंनी कढई वर करून दाखवली. "बघ की बाई. वीट शिजायला घातल्यागत."

"थांबा, माझी आमटी देते."

"विठा!" बाळासो ओरडला. "त्यांच्याशी बोलायचं न्हाय, म्हाईत न्हाय का?"

विठाबाईनं आमटीचं पातेलं उचललं. "अबोला तुमी धरलाय. मला कुणी इचारलंतं?" आणि तिनं ते भगदाडातून पलीकडं दिलं. तिकडून भाकरी आल्या. दोघी अकरा वर्षांचं एका दमात बोलायला लागल्या. कुणाचं बाळंतपण, कुणाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, कुणाची सून कशी. पुरुष भांडत होते, पण एकमेकांशी नाही, माझ्याशी!

मी तिथंच भिंतीला टेकून खाली बसलो. डोक्यावर गिलावा, सदरा ओला, आणि हातात ती हातोडी. शालूबाईंनी भगदाडातून पाण्याचा पेला पुढं केला.

"घ्या, भाऊ. तुमच्या मंडळींना आणायचं न्हाय व्हय संगट? बाईमाणूस असतं तर असं झालं नसतं."

"ती न्हाय आता," मी म्हणालो. "दीड वर्ष झालं."

शालूबाईंनी पेला माझ्या हातात दिला. मग त्या म्हणाल्या, "प्या पाणी."

मी पाणी प्यालो. आणि खरं सांगतो, तेव्हा मला कळलं. यल्लव्वा या घरात आली असती तर पाच मिनिटांत विठाबाईनं तिला ही मांडणी, हे दार, हा अबोला, सगळं सांगितलं असतं. तिला हातोडी लागली नसती. चौदा घरं तिनं अशीच तपासली होती, आणि मी बाहेर चहा पीत होतो.

"मिस्त्री, त्याला सांगा..." हंबीररावानं पुन्हा सुरू केलं.

"न्हाय सांगणार!" मी ओरडलो. मला स्वतःलाच दचकायला झालं. "तुमचं तुमी सांगा! एक वीत अंतरावर तोंडं हायत तुमची! एकदा मी प्रेशर कुकरची शिट्टी दुरुस्त केली. डेपोतला पाना लावून. सगळी डाळ छताला गेली. बायको बोलली, मी उलटं बोललो आणि आमचा चार दिवस अबोला. चार दिवस! आता मी ते चार दिवस मोजत बसतोय. तेवढं तरी बोलायला पाहिजे होतं. तुमी अकरा वर्षं घालवलीत, आणि वर मला सांगताय, ह्याला सांगा, त्याला सांगा!"

बत्तीस वर्षांच्या नोकरीत माझं बोलणं कुणी इतक्या शांतपणे ऐकलं नव्हतं. त्या दिवशी ऐकलं. तोटा किती झाला ते पुढं कळेलच.

या शांततेत मागून एक आवाज आला.

"जयभीम, काका. घर हेच का?"

हातात टेप, गळ्यात बॅटरी, पाठीवर पिशवी, अशी एक पंचविशीची मुलगी दारात उभी होती. दीक्षाची मैत्रीण, संघप्रिया. फोनवर मुलगी गप्प का झाली होती, ते आता माझ्या ध्यानात आलं. तिनं मला न विचारता हिला पाठवलं होतं. संघप्रियानं भगदाडाकडं बघितलं.

"हे आधीपासूनच होतं का?"

"न्हाय," मी म्हणालो. "तेवढं मी तपासलं."

तिनं वहीत काहीतरी लिहिलं. मग कुणाला काही न विचारता ती शांतपणे कामाला लागली. भिंतींना हात लावून बघितला, कोपऱ्यांत बॅटरी मारली, शिडी मागवून गच्चीवर गेली. फरशीवर आडवी मात्र झाली नाही.

इकडं भगदाडातून पलीकडं बघताना मला कोपऱ्यात एक तांब्याचा बंब दिसला. अंघोळीचं पाणी तापवायचा, जुन्या घडणीचा, देखणा. पण वर झाकण नव्हतं, खाली तोटी नव्हती. तोटीच्या भोकात चिंधी कोंबली होती आणि बंबात ज्वारी भरून ठेवली होती.

"हा बंब असा थोटा का?" मी विचारलं. यंत्र अर्धवट दिसलं की मला राहवत नाही.

दोघे भाऊ एकदम खाली बघायला लागले. उत्तर शालूबाईंनी दिलं. "वाटणीत ह्या बंबावरनंच तर जुंपली. बंब आमाला आला. झाकण आणि तोटी भाऊजींस्नी."

"मग अकरा वर्षं?"

"आमी चुलीवर तापिवतो. त्ये बी चुलीवर तापिवत्यात."

त्या एकाच बंबावरून एवढं सगळं! मला हसू आलं. विठाबाईलाही आलं. ती आत गेली आणि ट्रंकेतून फडक्यात गुंडाळलेली तोटी आणि झाकण घेऊन आली. चकचकीत. दर दसऱ्याला घासत होती म्हणे. मी ती तोटी हातात घेतली. आटे शाबूत होते. मला सांगा, मी मेकॅनिक माणूस. दोन भाग समोर आणि मधे फक्त आटे! मी भगदाडातून पलीकडं शिरलो. चार विटा आणखी पडल्या, आता कोण मोजतंय? हंबीररावानं ज्वारी पोत्यात ओतली. मी सुताला तेल लावून आट्यांवर गुंडाळलं आणि तोटी फिरवत बसवली. एक थेंब गळाला नाही. त्या दिवशीच्या माझ्या कामातलं तेवढंच निर्दोष!

बाळासो भगदाडातून बघत होता. अखेर तो म्हणाला, "दादा, धूर आधी ह्या बाजूनं निघायचा. आठवतंय?"

तो मला नाही म्हणाला. दादाला म्हणाला.

हंबीरराव बंबाकडं बघत राहिला. मग म्हणाला, "तू आत ये की, बाळ्या. तिथनं काय बघतोस?"

बाळासो गोल माणूस. भगदाडात अडकला. मी इकडून ओढला, विठाबाईनं तिकडून ढकलला, आणि उरलेली भिंत त्याच्याबरोबर आत आली.

बंब पेटला. अकरा वर्षांनी तापलेलं पहिलं पाणी कुणी घ्यायचं यावर दोघे भाऊ पुन्हा भांडायला लागले. तू घे, न्हाय तू घे! शेवटी दोघांचं माझ्यावर एकमत झालं, कारण सगळ्यांत मळलेला मीच होतो. मला न्हाणीघरात ढकललं. घर घ्यायला आलेला माणूस भर दुपारी मालकाच्या भावाच्या न्हाणीत अंघोळ करत होता! पाणी मात्र असं कढत, की अंगातला अकरा वर्षांचा गिलावा निघावा.

मी हंबीररावाच्या लेंग्यात बाहेर आलो. तो घोट्याच्या वर राहत होता. सगळे पंगतीला बसले होते. संघप्रियाही. तिनं वही उघडली.

"काका, सांगू का?"

"सांग की, सगळ्यांदेखत सांग," मी म्हणालो. आता माझं काय झाकायचं राहिलं होतं?

"पाया चांगला. छताला ओल नाही, गच्चीचा उतार बरोबर. भिंती पक्क्या विटेच्या, कुठं तडा नाही. नळाची लाईन नवी. इतक्या जुन्या घराची अशी तब्येत मी या भागात बघितली नाही. दोष एकच होता, ती मधली भिंत. ती आता नाही."

मला इतका आनंद झाला! तीन आठवडे, सात खोकी, सगळं सुटलं! नळ आपला! मी बाळासोकडं वळलो. "चला, मग कागद कधी करायचे?"

बाळासोच्या हातात घास होता. तो भिंतींकडं बघत होता. छताकडं बघत होता. जणू आयुष्यात पहिल्यांदा बघत होता.

"दादा," तो म्हणाला, "ऐकलंस का? बाबांनी काय बांधलंय बघ!"

"मग?" हंबीरराव म्हणाला. "शिरोळला पुरात बसायला कशाला निघालास, येड्या?"

विठाबाईनं माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली, न विचारता. भाकरी अशी वाढली की समजायचं, व्यवहार मोडला.

मी जेवलो. चांगला जेवलो. संध्याकाळी त्या तोकड्या लेंग्यातच, ओला सदरा पिशवीत घालून, खोलीवर आलो. खोक्यांवर बसून जरा वेळ घालवला. मग दीक्षाचा फोन आला. तिनं काही विचारायच्या आत मी कबूल करून टाकलं. पुढचं घर संघप्रियानंच तपासायचं. मी बाहेर बसेन.

"पण पप्पा, पुढचं कशाला? मला संघप्रियाचा आत्ताच फोन आलता. घर एकदम चांगलं हाय म्हणाली. एक पण दोष न्हाई."

"व्हय. एक नंबर घर हाय."

"मग अडलं कुठं?"

"कुठं म्हंजे काय! रिपोर्ट मालकानं ऐकला," मी म्हणालो. "त्यालाच आवडलं की घर!"